मैनाची पहिली वीस पावलं

परवा नालबंद चाचा आले होते. मैनाच्या मागच्या डाव्या पायातला जुना नाल काढला आणि नेहमीसारखा बादलीत न टाकता माझ्या हातात ठेवला, म्हणाले, "बघ बेटा, सगळीकडून सारखा घासलाय." मी धावत घरात जाऊन दोन वर्षांपूर्वीचा नाल घेऊन आले, तो मी जपून ठेवलाय, आणि दोन्ही ओट्यावर शेजारी शेजारी मांडले. जुन्याचं पुढचं टोक पत्र्यासारखं पातळ, बोट फिरवलं तर कापेल असं, आणि टाचेकडचा भाग मात्र जवळपास नवा कोरा, खिळ्यांची डोकीसुद्धा शाबूत. परवाचा पुढेमागे एकसारखा झिजलेला. बाबा काठी टेकत आले, दोन्ही नाल हातात घेऊन उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले, "ह्यो तेव्हाच बघायला पायजे होता गो बाय."

खरंच पाहिजे होता. चाचांनी तेव्हाही तो माझ्या हातात दिला होता, घोडी मागचा पाय ओढतेय असं सांगितलंही होतं, आणि मी "हो का, वय झालं ना आता" म्हणून विषय सोडून दिला होता. ज्यांच्याकडे म्हातारं घोडं आहे, तट्टू आहे, टांग्याचं असो नाहीतर पुळणीवर, म्हणजे समुद्राच्या वाळूवर, पोरांना फिरवायचं, त्यांच्यासाठी मी हे मागच्या पायाच्या संधिवाताबद्दल लिहितेय, कारण हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मैनाचे चार महिने वाचले असते.

मैना आमची घोडी. वय बावीसच्या आसपास, दातांवरून. भीमथडी, म्हणजे दख्खनी घोड्यांच्या रक्ताची, उंची सव्वाचार फूट, रंगाने तांबडी आणि कपाळावर हातभर लांब पांढरा पट्टा. बाबांनी तिला अकलूजच्या घोडेबाजारातून आणलं तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल, त्यानंतर जवळजवळ बारा वर्षं ती आमच्या टांग्याला होती, अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यापर्यंत. ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीये, ओहोटीला किल्ल्याची वाट उघडी पडते आणि टांगे त्या ओल्या वाळूतून, मध्ये खडकांतून, कधी पोटरीभर पाण्यातून जातात. चाक रुतलं की जनावर मागच्या पायांवर बसल्यासारखं होऊन जोर लावतं, आणि उतारावर टांगा मागून रेटतो तेव्हा त्याला थोपवायचं कामही तेच मागचे पाय करतात. तो सगळा भार ज्या सांध्यावर येतो त्याला हॉक म्हणतात.

आपल्याकडे सगळे त्याला मागचा गुडघा म्हणतात, मीही म्हणायचे, पण तो गुडघा नाहीच. घोड्याचा खरा गुडघा वर पोटाला लागून असतो आणि हॉक म्हणजे आपला घोटा, ते मागे आलेलं टोक म्हणजे आपली टाच. घोडा जन्मभर एकेका बोटाच्या नखावर उभा राहतो हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी मैनाच्या पायाकडे पहिल्यांदा नीट बघितलं असं वाटलं. हा एक सांधा नाहीये, एकावर एक रचलेले चार सांधे आहेत. सगळ्यात वरचा खूप हलतो, पाय दुमडण्याचं बहुतेक काम तोच करतो. खालचे दोन जेमतेम सरकतात, आणि संधिवात बहुतेक वेळा याच खालच्या दोघांत होतो. जुने घोडेवाले त्याला हड्डा म्हणतात. मोतरा वेगळा, मोतऱ्यात सांध्याच्या पुढच्या बाजूला पाणी साठून मऊ फुगा येतो, आणि हड्ड्यात आतल्या बाजूला, खालच्या अंगाला हाडासारखा कडक उंचवटा हाताला लागतो. पण हात लावून उंचवटा लागेपर्यंत वाट बघू नका, मैनाला दुखत होतं तेव्हा बाहेरून काहीसुद्धा दिसत नव्हतं.

दिसत होतं ते दुसरंच. सकाळी दावणीवरून सोडली की पहिली वीस-पंचवीस पावलं ती आखूड टाकायची, मागच्या खुराचं टोक अंगणातल्या जांभ्यावर खर्रर्र घासत जायचं, आणि मग वाडीच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत पोचली की बरी चालायला लागायची. त्यामुळे आम्हाला वाटायचं की झोपेतून उठल्याचा आळस आहे. नाल मारताना मागचा पाय ओढून घ्यायची, आधी कधी असं करत नव्हती, तर आम्ही म्हणायचो लाडावली. उतारावर तिरकी चालायची. पाठीवर खरारा फिरवला की कंबर खाली दाबायची, कारण पाय वाचवता वाचवता पाठही धरली होती. आणि पुढच्या दोन्ही पायांना खुराच्या वरच्या सांध्यावर समोरून खरचटलेलं असायचं, ते काय कोडं होतं आम्हाला शेवटपर्यंत कळेना, मला वाटायचं कुठेतरी कुंपणाला घासते.

ते खरचटणं म्हणजे काय ते सांगते, कारण ते ऐकून मी त्या रात्री झोपले नाही. घोडं उभ्याने डुलकी काढतं हे खरं, पण गाढ झोप त्याला आडवं पडूनच लागते, रोज थोडा वेळ तरी ती लागतेच. ज्या घोड्याला उठताना मागच्या पायात कळ येते ते बसायलाच घाबरतं. मग कित्येक दिवस न निजता काढतं आणि उभ्या उभ्या झोप अनावर झाली की पुढचे पाय मोडतात, गुडघ्यावर येतं, दचकून परत उभं राहतं. ते खरचटणं त्याचं होतं. आमची मैना रात्र रात्र उभी होती आणि आम्ही आत पंख्याखाली झोपलेलो.

आता आमची चूक. त्या वर्षी जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा बाबा म्हणाले हिला आराम देऊ, आणि आम्ही तिला गोठ्यात बांधून ठेवली. चांगल्या मनाने केलं, खायला घातलं, हरभरा, गूळ, कोंडा, होमस्टेला आलेली माणसं बिस्किटं द्यायची तीही खाऊ दिली. नारळी पौर्णिमेला सोडली तर तिला गोठ्याचा उंबरा ओलांडवेना. दोन महिने बांधून ठेवल्याने सांधे जास्त आखडले, मागच्या पायाचं मांस उतरलं आणि पोट मात्र सुटलं. संधिवाताच्या घोड्याला बांधून ठेवणं हे त्याला आराम देणं नाहीये, हे मी आता भेटेल त्याला सांगते, अगदी समोरचा कंटाळेपर्यंत सांगते.

आणि त्याच्यावर कडी म्हणजे, गणपती तोंडावर आलेले, कोणीतरी ओळखीचा म्हणाला माझ्याकडे इंजेक्शन आहे, एक मारलं की पळेल. मारलं. पळाली. दोन दिवस अंगणभर फिरली, आम्ही सगळे खूश, तिसऱ्या दिवशी डावा पाय टेकवेना. ते माणसांचं कळ मारायचं औषध होतं, डायक्लोफेनॅक. जनावरांना डायक्लोफेनॅक देण्यावर आपल्याकडे २००६ पासून बंदी आहे आणि त्याचं कारण गिधाडं. ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड निकामी होतात, नव्वदीनंतर पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात शंभरातली नव्याण्णव संपली ती मुख्यतः यानेच. आपल्याच रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावला त्यांची घरटी आहेत, उंच झाडांवर, मी लहानपणी आजोळी जाताना बघितलीयेत. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही जनावरांसाठी बंदी आली. ज्यांना वाटतं की एक इंजेक्शन दिल्याने काय होतंय, त्यांनी एकदा चिरगावला जाऊन मान वर करून बघावं. गिधाडांसाठी सुरक्षित असं मेलॉक्सिकॅम सहज मिळतं आणि ते घोड्यालाही चालतं.

सिझनच्या तोंडावर असं कळ मारणारं इंजेक्शन देऊन जनावर दिवसभर पुळणीवर पळवायचं, हे मी बघितलंय आणि मला त्याचा फार राग येतो. कळ थांबली म्हणजे सांधा बरा झाला असं नाही. जनावराला कळतच नाही आपण काय मोडतोय ते.

असो. शेवटी मुंबईहून घोड्यांच्या डॉक्टर आल्या. लाँचने मांडव्याला उतरल्या, हातात एक्सरेची पेटी, माझा भाऊ आणायला गेला होता. त्यांनी आल्या आल्या मैनाला हातसुद्धा लावला नाही, आधी अर्धा तास नुसती चालवून बघितली, सरळ रेषेत, मग वळवून, मग दुडकीवर. मग मागचा पाय दुमडून साधारण एक मिनिट वर धरला आणि सोडल्या सोडल्या दुडकी मारायला लावली. उजव्याला थोडं, डाव्याला पहिली दहा पावलं ती तीन पायांवर असल्यासारखी गेली. पण डॉक्टर म्हणाल्या, "ताई, यावरून लगेच हॉकच असं म्हणू नका हां, घोड्याचा मागचा पाय दुमडला की गुडघा आणि हॉक दोन्ही एकदमच दुमडतात, त्यांची आतून तशी दोरीच बांधलेली असते." म्हणून एक्सरे. तो छोट्या स्क्रीनवर तिथल्या तिथे दिसतो. उजव्या हॉकच्या खालच्या हाडांमध्ये बारीक काळ्या रेघा होत्या, वहीला आखलेल्या असतात तशा, आणि डाव्यात सगळ्यात खालची रेघ पुढच्या बाजूला पुसूनच गेलेली, कडेला हाडाला बारीक चोच फुटल्यासारखं. ती काळी रेघ म्हणजे कूर्चेची, दोन हाडांमधल्या मऊ गादीची जागा. बाबा स्क्रीनकडे बघत म्हणाले, म्हणजे हाडावर हाड घासतंय. डॉक्टर हो म्हणाल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला नवीन होतं. हे सांधे मुळात फार हलायचेच नसतात, त्यामुळे हळूहळू दोन हाडं एकमेकांना जुळून एक झाली तर दुखणं कमी होतं किंवा थांबतंसुद्धा, आणि घोड्याच्या चालीत फारसा फरक पडत नाही कारण वरचा मोठा सांधा शाबूत असतो. पण ते कधी होईल, होईल का, याचा नेम नाही, काहींना वर्षानुवर्षं लागतात. म्हणजे तोपर्यंतचा काळ तिला सुखाचा करायचा, एवढंच आपल्या हातात. वरच्या सांध्यात बिघाड असता तर गोष्ट वेगळी होती.

तिच्या हॉकवर आतल्या अंगाला तीन आडव्या रेघा आहेत, केस पांढरे उगवलेले, ती आली तेव्हापासूनच्या. मी त्यांना जन्मखूण समजायचे. डॉक्टरांनी केस बाजूला सारून दाखवलं, ते डाग आहेत, तापल्या लोखंडाचे. म्हणजे बाजारात यायच्या आधीच कोणाला तरी हिचा हा पाय दुखतोय हे कळलं होतं, सात-आठ वर्षांची होती तेव्हा. डाग देऊन आतला सांधा सुधारत नाही, वरची कातडी तेवढी जळते. बिब्ब्याचंही तेच, आमच्या आळीतल्या एकांनी बिब्बा लावायला सांगितला होता, फोड आले की आतलं दुखणं बाहेर निघतं म्हणे. फोड येतात तेवढे खरे, आणि ते भरायला महिना जातो. उंडीचं तेल आणि निर्गुडीच्या पाल्याचा शेक मात्र मी अजूनही करते, बाबांनी लहानपणापासून केलेलं आहे, मैनाला ते आवडतं, खालचा ओठ लोंबकळत सोडून डोळे मिटते. सांध्याच्या आत त्याने काही होत नसावं, पण पाठीचे आणि मांडीचे स्नायू मऊ होतात आणि रोज हात फिरत असल्यामुळे कुठे गरम लागतंय, कुठे सूज आहे, हे मला लगेच कळतं.

औषधाचं सांगायचं तर आधी वजन कळायला पाहिजे, आणि आपल्याकडे घोड्याचा काटा कुठून आणणार, तर शिंप्याचा टेप पुरतो. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, की किलोत अंदाजे वजन येतं. मैनाचा घेर तेव्हा १६३ होता आणि लांबी १३८, म्हणजे ३०८ किलो. आम्ही तिला अडीचशेची समजत होतो. मेलॉक्सिकॅमचा घोड्याचा डोस दर किलोला ०.६ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, म्हणजे वजन चुकलं की औषध चुकलं. फेनिलब्युटाझोन पण देतात, घोडेवाले ब्यूट म्हणतात त्याला. कुठलं आणि किती दिवस ते डॉक्टर ठरवणार, पण दोन गोष्टी माझ्याकडून. दोन कळीची औषधं एकावेळी कधीही द्यायची नाहीत, आणि रिकाम्या पोटी किंवा पाणी कमी प्यायलेल्या जनावराला द्यायची नाहीत, पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडावर येतं. आमच्याकडे मे महिन्यात घोडी घामाने निथळत असते, तेव्हा मी आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या खुराकात, मूठभर मीठ घालते आणि बादली किती उतरली ते बघूनच औषध देते. खाणं सोडलं, शेण पातळ झालं, दात खायला लागली की औषध बंद आणि फोन.

सांध्यातलं इंजेक्शन पण एकदा झालं, खालच्या दोन्ही सांध्यांत, स्टेरॉइडचं. पण डॉक्टरांनी ते लगेच दिलं नाही. जाड तट्टांना स्टेरॉइडने खुरांच्या आतला पडदा सुजायचा धोका असतो, लॅमिनायटिस, आणि तो झाला तर हॉक परवडला म्हणायची वेळ येते. त्यांनी सांगितलं आधी तीस किलो उतरवा. आम्हाला पाच महिने लागले. हरभरा बंद, गूळ बंद, बिस्किटांना मी गोठ्याच्या दारावर पाटी लावली. पण उपाशी ठेवायचं नाही हां, तट्टू एकदम उपाशी राहिलं तर अंगातली चरबी रक्तात उतरते आणि यकृत जातं. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा रोज, घाटावरचा कडबा आणि सुकं गवत, बारीक जाळीच्या पिशवीत भरून, म्हणजे दिवसभर थोडं थोडं ओढत बसते. घेर १५५ वर आला, म्हणजे २७९ किलो, आणि खरं सांगते, इंजेक्शनच्या आधीच ती निम्मी बरी झाली होती. इंजेक्शन पायावरचे केस काढून, तीन-तीनदा धुऊन, घोडीला गुंगी देऊन केलं. पाऊस संपल्यावर केलं मुद्दाम, कारण चिखलाच्या दिवसात सांध्यात जंतू गेले तर जनावर हातचं जातं. मैनाला त्याचा सात महिने चांगला फरक जाणवला, सगळ्यांना तेवढा पडेल असं नाही.

सांध्यांसाठीच्या पावडरी मी दोन डबे आणल्या, महाग होत्या, मला फरक दिसला नाही. डॉक्टरही म्हणाल्या की पुरावा कच्चा आहे. तेच पैसे मी आता रबर मॅटवर आणि नालबंदावर घालते.

मॅट म्हणजे गाईंची मिळते तीच, आमच्या गोठ्यात खाली जांभा आहे, पावसात शेवाळतो, त्यावर उठताना मागचे पाय सटकायचे. आता मॅट आणि तिच्यावर वखारीतला लाकडाचा भुसा, चांगला वीतभर. पहिल्या आठवड्यात ती त्यावर नुसती उभीच राहिली. नवव्या दिवशी सकाळी गेले तर तिच्या डाव्या कुशीला आणि कानाच्या मागे भुसा चिकटलेला. मी तिथेच खाली बसून रडले. बाबांना हाक मारली, त्यांनी तो भुसा हाताने झटकला नाही, म्हणाले राहूदे दिवसभर.

चाचांनी पण पद्धत बदलली. पूर्वी मागचा पाय कमरेएवढा वर घ्यायचे आणि बाहेर ओढायचे, त्यानेच तिला सगळ्यात जास्त कळ यायची. आता ते लाकडी ओंडक्यावर खाली बसतात, पाय जेमतेम वीतभर उचलून तिच्याच पोटाखाली सरळ ठेवतात, मिनिटभर काम, मग पाय खाली, मग परत. नालाचं पुढचं टोक कानसीने गोल करतात म्हणजे पाऊल पुढे कलंडायला सोपं जातं, आणि खुराचं टोक लांब वाढू देत नाहीत, दर पाच-सहा आठवड्यांनी यायचं ठरलंय. चाचा सत्तरीला आलेत, त्यांचेही गुडघे दुखतात. ते मैनाशी बोलत बोलत काम करतात, "चल अम्मा, हो गया, हो गया."

आणि चालणं. हेच खरं औषध आहे, बाकी सगळं ते जमावं म्हणून. रोज चाळीस मिनिटं, एकही दिवस खाडा नाही, शनिवार-रविवार तीन तास आणि मधले पाच दिवस बांधलेली असं तर मुळीच नाही. पहिली पंधरा मिनिटं नुसतं सावकाश चालणं, सरळ रेषेत, कितीही बरी वाटली तरी. गोल गोल फिरवायचं नाही, वळताना खालच्या सांध्यांना पीळ बसतो. ओझं नाही, पाठीवर फार तर शेजारची सहा वर्षांची मुलगी दहा मिनिटं.

कुठे चालवायचं हे आम्हाला समुद्र सांगतो. वरची कोरडी वाळू भुसभुशीत, पाय रुततो, सांध्यावर ताण येतो. डांबरी रस्त्याने दणके बसतात. मधली, ओहोटीने नुकतीच उघडी पडलेली ओली घट्ट पुळण, पाऊल उमटेल पण रुतणार नाही अशी, ती तिच्यासाठी सगळ्यात चांगली. आता ती कधी मिळणार, तर आपला कोकणातला साधा हिशोब, तिथीच्या पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि त्याच्या सहा तास मागेपुढे ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं तेव्हा सकाळी सहाच्या सुमाराला पाणी पार लांब गेलेलं, पुळणच पुळण. अष्टमीच्या आसपास सकाळी पाणी वर, मग आम्ही वाडीतल्या मातीच्या पाणंदीने जातो. पाऊस नसेल तेव्हा परत येताना दहा मिनिटं पाण्यात उभी करते, हॉक बुडेल इतक्या, थंड पाण्याने तिला बरं वाटतं, घरी आल्यावर गोड्या पाण्याने पाय धुऊन पुसते नाहीतर मिठाने टाचा फुटतात. पावसाळ्यात नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रावर नाहीच, पण चालणं थांबत नाही, घोंगडी पांघरून मी आणि मैना वाडीत फिरतो, आळीतले लोक आता विचारत नाहीत.

एक मात्र, सगळं हॉकवर ढकलू नका. गेल्या जुलैत एका सकाळी तिने मागचा उजवा पाय टेकवलाच नाही, मी घाबरले की सांधा गेला. निघालं काय तर पावसाने मऊ झालेल्या खुरात खडा जाऊन पू झालेला, चाचांनी वाट करून दिली, संध्याकाळी पाय टेकला. हड्डा एका रात्रीत असा पाय उचलायला लावत नाही. अचानक लंगडली, सांधा गरम लागला, फुगला, तर घरचं काही न करता डॉक्टर.

मी रोज कालनिर्णयच्या तारखेच्या चौकोनात एक आकडा लिहिते. सोडल्यापासून टोक घासायचं थांबेपर्यंत किती पावलं गेली तो. कान देऊन मोजावं लागतं, जांभ्यावर आवाज येतो म्हणून जमतं. दोन वर्षांपूर्वी, बांधून ठेवल्याने ती आखडली होती तेव्हा, तिथे साठ, सत्तर असे आकडे आहेत. थंडीत, पौषात, पंचवीस-तीसवर जातो, उकाड्यात खाली येतो. आकडा तीन दिवस चढता राहिला की डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवते, त्या औषध चार दिवस चालू करायला सांगतात किंवा नुसतं थांबायला. हे आकडे नसते तर मला रोज तीच मैना दिसली असती, रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही.

बाबा परवा विचारत होते, अजून किती वर्षं. मी डॉक्टरांना हा प्रश्न विचारला होता, त्या म्हणाल्या, वर्षं मोजू नका, ती आडवी पडून झोपते का, पाणी प्यायला आपणहून जाते का, तुमची चाहूल लागली की कान पुढे करते का, एवढं बघा, आणि ज्या दिवशी औषधं देऊनही तिन्ही थांबतील त्या दिवशी मला बोलवा, मी येईन. मी बाबांना तसंच सांगितलं. ते म्हणाले बरं, आणि जाळीची पिशवी भरायला गेले.

आजचा आकडा चौदा. परवा पौर्णिमा आहे, सकाळी सहाच्या सुमाराला पाणी लांब गेलेलं असेल, आक्षीपर्यंत जाऊन यायचा विचार आहे.